आगामी चार मैफली आणि रिकाम्या खुर्च्या

आपल्या प्रश्नाचा आशय आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे हे उत्तर नेमके कशाचे आहे ते इतर वाचकांनाही कळेल. तालुक्याच्या गावी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर १२० खुर्च्यांचे सभागृह आहे. तिथे ऑक्टोबर ते जानेवारी दरमहा एक अशा चार मैफली आपल्या मंडळाने योजल्या आहेत : ख्यालगायन, नाट्यसंगीत, बासरीवादन आणि शेवटी अभंग व भावगीते. चारही मैफली सायंकाळी ६.३० वाजता, कधी शनिवारी तर कधी रविवारी आहेत आणि प्रवेश विनामूल्य आहे. गेल्या वर्षी पस्तीस-चाळीस श्रोत्यांपलीकडे उपस्थिती गेली नाही. आता मंडळातील काहींना एखादे मोठे नाव आणावे असे वाटते, काहींना समाजमाध्यमांवर पैसे भरून जाहिरात करावी असे वाटते, आणि यांपैकी कोणते योग्य असे आपण विचारले आहे.

मी पश्चिम महाराष्ट्रातील एका शहरात, दाटीवाटीने दीडशे श्रोते बसतील अशा सभागृहात, गेली बावीस वर्षे मासिक मैफलींची व्यवस्था पाहतो. हे दोन्ही उपाय आम्ही करून पाहिले आहेत. तिसऱ्या वर्षी आम्ही उसनवारी करून एका नावाजलेल्या गायकांना बोलावले. जिन्यापर्यंत माणसे उभी होती, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्र आले आणि मंडळी खूश झाली. पुढच्याच महिन्यात एका तरुण सतारवादकासमोर एकतीस श्रोते होते. मी दाराशी उभा राहून मोजले होते म्हणून आकडा लक्षात आहे. गर्दी त्या नावासाठी आली होती आणि त्या नावाबरोबर निघून गेली. खरी चूक मला पुष्कळ उशिरा उमगली : त्या दिवशी जिन्यापर्यंत उभ्या असलेल्या एकाही माणसाच्या हाती आम्ही पुढच्या महिन्याची तारीख दिली नव्हती. ती आमचीच ठरलेली नव्हती.

म्हणून आपल्याला माझा पहिला प्रश्न असा की, गेल्या वर्षी पहिल्या मैफलीला आलेल्या चाळिसांपैकी दुसऱ्या आणि तिसऱ्या मैफलीला किती जण परत आले? ही नोंद बहुधा आपल्याकडे नसेल, कारण आमच्याकडेही कित्येक वर्षे नव्हती. दर वेळी तेच चाळीस येत असतील तर आपला पाया भक्कम आहे आणि काम वाढवण्याचे आहे. दर वेळी वेगळे चाळीस येत असतील तर वर्षभरात शंभर-सव्वाशे माणसे जिना चढून आली आणि पुन्हा येऊ नये असे त्यांना वाटले, हे मान्य करावे लागेल. आणि अशा स्थितीत जाहिरात केल्याने परत न येणाऱ्यांची संख्याच वाढेल. छोट्या सभागृहाच्या पुढच्या मैफलीचा श्रोता आजच्या मैफलीत बसलेला असतो. माझ्या बहुतेक सूचना या एकाच समजुतीतून आलेल्या आहेत.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच कबूल करतो. गावात संगीताचे वर्ग चालतात की नाही, शेवटची एस.टी. किती वाजता सुटते, जवळच्या शहरात त्याच दिवशी काय आहे, आणि आपले श्रोते मुख्यत्वे निवृत्त आहेत की नोकरदार, यांनुसार माझ्या सल्ल्यातील तपशील बदलावे लागतील. सभागृह वरच्या मजल्यावर आहे, हे आपण सहज लिहून गेलात. माझ्या दृष्टीने ती सहज सांगण्याची बाब नाही. ख्यालगायन आणि नाट्यसंगीत ऐकणाऱ्यांत गुडघ्यांचा त्रास असलेली माणसे कमी नसतात. लिफ्ट नसेल तर जिन्याच्या मधल्या टप्प्यावर दोन खुर्च्या ठेवाव्यात, तिथे चांगला दिवा लावावा, आणि दोन तरुण कार्यकर्ते मैफलीच्या आधी अर्धा तास व नंतर पाव तास तिथेच उभे राहतील असे पाहावे. या गोष्टीला खर्च जवळपास नाही आणि तिची वाच्यता गावभर होते.

आता दिवसाकडे वळतो. आपण चार मैफलींसाठी कधी शनिवार, कधी रविवार असे दिवस घेतले आहेत, आणि ते बहुधा सभागृह व कलाकार यांच्या सोयीने पडले असतील. श्रोत्याच्या डोक्यात मात्र तारीख राहत नाही, वार राहतो. ‘दुसरा शनिवार म्हणजे मैफल’ हे एकदा गावाच्या अंगवळणी पडले की निम्मी जाहिरात आपोआप होते. आम्ही दुसरा शनिवार निवडला तो २०१५ च्या सप्टेंबरपासून बँकांना दुसरा व चौथा शनिवार सुटीचा झाल्यानंतर; आमच्या श्रोत्यांत बँकेतली माणसे पुष्कळ होती आणि शनिवारी थकून येणारी ती मंडळी त्यानंतर ताजीतवानी येऊ लागली. आपल्या गावी आठवड्याचा बाजार कोणत्या वारी भरतो हे पाहून आपण आपला वार ठरवावा, पण एकदा ठरल्यावर कलाकाराच्या सोयीसाठी तो मोडू नये. मोठ्या नावाच्या मोहाने वार मोडण्याची वेळ येते तेव्हा मी मंडळात नेहमी एकच विचारतो : ते गायक वर्षातून एकदा येणार, आणि श्रोता बारा वेळा यावा अशी आपली इच्छा आहे, मग सोय कोणाची पाहायची?

ऑक्टोबर ते जानेवारी हा काळ दिसायला उत्तम आहे. थंडी असते, पाऊस नसतो. परंतु हाच सगळ्यांचा हंगाम असतो. नवरात्र, कोजागिरी, दिवाळी पहाटेचे कार्यक्रम, तुळशीविवाहानंतरची लग्नसराई आणि डिसेंबरात पुण्याचा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव असे एकामागून एक येत राहते. १९५३ साली सुरू झालेल्या त्या महोत्सवाला जिल्ह्याजिल्ह्यांतून रसिक रजा काढून जातात. आपल्या चाळिसांपैकी सर्वांत जाणते पाच-सहा जण त्या आठवड्यात गावातच नसतील, आणि चांगले तबलजी व संवादिनीवादकही मोकळे सापडणार नाहीत. डिसेंबरची मैफल त्या महोत्सवाच्या आगेमागे किमान एक आठवडा सोडून असावी. दहावी-बारावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असल्यामुळे जानेवारीची मैफल जितकी अलीकडे तितकी बरी, कारण परीक्षार्थी घरात असला की सगळे घरच संध्याकाळी बाहेर पडेनासे होते. पुढच्या वर्षासाठी एक सुचवतो : जुलै-ऑगस्टचा विचार करावा. त्या दिवसांत कलाकारांच्या तारखा तुलनेने मोकळ्या असतात, हंगामापेक्षा कमी मानधनात ते येण्याची शक्यता असते, आणि बाहेर पाऊस पडत असताना छोट्या सभागृहात मल्हाराचे प्रकार ऐकण्याचे सुख डिसेंबरात कितीही पैसे मोजले तरी मिळत नाही.

वेळेबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण बहुतेक मंडळे या बाबतीत केवळ सभागृहाच्या भाड्याचा विचार करतात. हिंदुस्थानी संगीतात राग आणि प्रहर यांची सांगड आहे. चारही मैफली सायंकाळी ६.३० ला घोषित होऊन प्रत्यक्षात ७ च्या पुढे सुरू होणार असतील, तर आपल्या श्रोत्यांच्या वाट्याला वर्षभर यमन, बागेश्री आणि तत्सम रात्रीच्या पहिल्या-दुसऱ्या प्रहरांचे रागच येतील. तोडी, ललत, अहिर भैरव या सकाळच्या रागांची नावे श्रोता ध्वनिमुद्रणांवरून जाणेल, पण समोर बसून त्याला ते कधी ऐकायला मिळणार नाहीत. आणि सारंगाचे प्रकार, भीमपलास, पटदीप, मुलतानी या दुपारच्या रागांची तर आणखीच उपेक्षा होते. यावर उपाय सोपा आहे. चारपैकी एक मैफल रविवारी सकाळी ९.३० ला आणि एक दुपारी ४ ला ठेवावी. आपण नुकतेच वार मोडू नका म्हणालात आणि आता स्वतःच मोडता, असे आपण म्हणाल. आक्षेप रास्त आहे. मी त्यातून काढलेला मार्ग असा की, अपवाद वर्षाच्या सुरुवातीलाच छापील पत्रिकेत जाहीर झालेला असावा, तो वर्षातून एखाददुसराच असावा, आणि तो का आहे ते एका ओळीत लिहिलेले असावे. ‘सकाळचे राग ऐकण्यासाठी ही मैफल सकाळी’ हे वाक्य वाचून मुद्दाम येणारा श्रोता असतो, आणि तो सोबत एखाद्याला घेऊन येतो.

वेळ पाळण्याचा संबंधही थेट संगीताशी आहे. नोव्हेंबर-डिसेंबरात आपल्याकडे सूर्य साधारण सहाच्या सुमारास मावळतो. गायकाने मारवा, पूरिया किंवा श्री यांसारख्या संधिप्रकाशाच्या रागाची तयारी करून यावे, आणि आपण त्याला सातपर्यंत भाषणे ऐकवत बसवावे, म्हणजे त्याला तो राग बाजूला ठेवून दुसराच गावा लागतो. हे माझ्या डोळ्यांदेखत घडले आहे. एक ज्येष्ठ गायिका तंबोरे जुळवून पाऊण तास विंगेत बसून होत्या, बाहेर आमच्या मंडळाचे एक पदाधिकारी संस्थेचा इतिहास सांगत होते, आणि बाई शांतपणे म्हणाल्या, ‘आता श्री नको, वेळ गेली.’ त्यांनी त्या रात्री यमन गायला, तो उत्तमच झाला, पण आमचा श्री गेला तो गेलाच. तेव्हापासून आमच्याकडे दीपप्रज्वलन, स्वागत व परिचय हे सर्व मिळून सात मिनिटांत संपते. शाल-श्रीफळ मध्यंतरानंतर दिले जाते, प्रायोजकांची नावे पडद्यावर किंवा फलकावर असतात आणि ती मोठ्याने वाचून दाखवली जात नाहीत. आपल्या मंडळात यावर वाद होईल. आमच्याकडे झाला आणि एका सद्गृहस्थांनी राजीनामाही दिला. दोन महिन्यांनी ते श्रोते म्हणून परत आले.

शेवटची वेळही तितकीच महत्त्वाची आहे. मोकळ्या जागी ध्वनिक्षेपक वापरायचा असेल तर २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ ही मनाईची वेळ आहे. बंदिस्त सभागृहात आतल्या आत होणाऱ्या कार्यक्रमाला त्यात सूट आहे. तरीसुद्धा कायदा बाजूला ठेवून विचार केला तर तालुक्याच्या गावात ९.१५ ला भैरवी, म्हणजे मैफलीची सांगता करणारी रचना, संपावी असे माझे मत आहे. मध्यंतराला उठून जाणारा श्रोता कंटाळलेला असतोच असे नाही. परतण्याची सोय हुकेल या भीतीने तो उठतो. मैफल किती वाजता संपेल हे त्याला आधीच माहीत असले की तो निर्धास्त बसतो.

यावरून जाहीर निवेदनात काय असावे याकडे येतो. आपण गेल्या वर्षीच्या निवेदनाचा मजकूर प्रश्नासोबत दिला आहे, त्यात गायकांचे नाव, तारीख, ‘सायं. ६.३०’, सभागृहाचे नाव आणि ‘सर्वांनी उपस्थित राहावे’ ही विनंती आहे. खाली मंडळाच्या अकरा पदाधिकाऱ्यांची नावे आहेत. श्रोत्याला हव्या असलेल्या निम्म्या गोष्टी त्यात नाहीत. वार नाही, वर्ष नाही, संपण्याची वेळ नाही, तबला व संवादिनीची साथ कोणाची ते नाही, वाहने कुठे लावायची ते नाही, लहान मुलांना आणले तर चालेल का ते नाही, आणि शंका विचारायला दूरध्वनी क्रमांक नाही. वर्षाचा उल्लेख मी मुद्दाम करतो. व्हॉट्सॲपवर एकदा सोडलेला संदेश वर्षानुवर्षे फिरत राहतो. ‘१४ नोव्हेंबर, सायं. ६.३०’ एवढाच मजकूर असलेले आमचे जुने निवेदन वाचून दोन कुटुंबे भलत्याच वर्षी कुलूपबंद दाराशी येऊन परत गेली होती. साथीदारांची नावे वगळणे ही तर निव्वळ अनास्था आहे. पुष्कळ जाणते श्रोते तबलजीचे नाव वाचून यायचे की नाही ते ठरवतात, आणि स्थानिक साथीदाराचे नाव छापले की त्याचे विद्यार्थी, शेजारी व नातलग मिळून पंधरा माणसे नक्की येतात.

गायकाच्या परिचयात ‘सुप्रसिद्ध’, ‘ख्यातनाम’ ही विशेषणे लिहू नयेत. ती सगळ्यांनाच लावली जातात म्हणून वाचलीच जात नाहीत. घराणे कोणते, गुरू कोण, आणि त्या दिवशी काय ऐकायला मिळेल हे दोन वाक्यांत सांगावे. कलाकाराला आधी विचारून ‘पूर्वार्धात सायंकालीन राग, उत्तरार्धात ठुमरी व नाट्यपद’ एवढे लिहिता आले तरी नवख्या माणसाला अंदाज येतो. नेमका राग जाहीर करण्याचा आग्रह मात्र धरू नये, कारण तो त्या दिवशीच्या गळ्यावर आणि हवेवर सोडलेलाच बरा.

माध्यमांबद्दल माझे मत असे आहे की, पैसे भरून केलेली जाहिरात मोठ्या शहरात, हजार खुर्च्यांच्या प्रेक्षागृहासाठी उपयोगी पडत असेल. १२० खुर्च्यांसाठी ती मी सर्वांत शेवटी करीन. आधी चारही मैफलींची एकत्र पत्रिका छापावी, पोस्टकार्डाएवढी, खिशात किंवा देवघराच्या चौकटीत राहील अशी. ती पहिल्या मैफलीच्या मध्यंतरात प्रत्येकाच्या हातात द्यावी. दारात ठेवू नये, कारण दारात ठेवलेली पत्रिका घेणारे थोडेच असतात. दाराशी एक वही ठेवावी आणि तीत नाव, दूरध्वनी क्रमांक व ‘हा कार्यक्रम कुठून कळला’ असे तीन रकाने असावेत. पुढचे संदेश पाठवले तर चालतील का, हेही तिथेच विचारून घ्यावे. आमच्या वहीत वर्षानुवर्षे सर्वांत जास्त वेळा आलेले उत्तर ‘मैत्रिणीने सांगितले’, ‘सरांनी सांगितले’ अशाच प्रकारचे आहे. दैनिकांच्या स्थानिक पानावर ‘आजचे कार्यक्रम’ या सदरात विनामूल्य ओळी येतात, त्यांसाठी दोन-तीन दिवस आधी मजकूर पोचवावा. संदेश मैफलीच्या दहा दिवस आधी एकदा आणि आदल्या दिवशी एकदा, असे दोनच पाठवावेत. रोज पाठवणाऱ्याचे संदेश लोक न उघडताच पुसून टाकतात. चित्रासोबत तोच मजकूर साध्या अक्षरांतही पाठवावा, म्हणजे वयस्कर माणसांना चित्र मोठे करत बसावे लागत नाही.

इथवरचे थोडक्यात सांगायचे तर, वार ठरलेला असावा, सुरू होण्याची व संपण्याची वेळ खरी असावी, आणि पुढच्या मैफलीची पूर्ण माहिती आजच्या श्रोत्याच्या हातात असावी. आता पैशांकडे वळतो.

विनामूल्य प्रवेशाचा हेतू चांगला असतो, पण माझा अनुभव त्याच्या विरुद्ध आहे. विनामूल्य मैफलीला ‘जमलं तर जाऊ’ असे म्हटले जाते आणि बहुधा ते जमत नाही. शंभर रुपये मोजलेला माणूस पाहुणे आले तरी त्यांना घेऊन येतो. मी एका मैफलीचे १५० रुपये आणि चारही मैफलींचे मिळून ४०० रुपये असे ठेवीन, विद्यार्थ्यांना ५० रुपये किंवा विनामूल्य प्रवेश देईन. साठ जणांनी जरी चार मैफलींचे पैसे एकदम भरले तरी पहिल्या मैफलीच्या आधी २४,००० रुपये हाती येतात, आणि त्याहून मोलाचे म्हणजे साठ माणसांनी चार तारखा राखून ठेवलेल्या असतात. संगीताच्या कार्यक्रमाचा प्रवेश माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर वस्तू व सेवा कर लागत नाही, आणि शास्त्रीय किंवा लोककलेचे सादरीकरण करणाऱ्या कलाकाराचे मानधन दीड लाख रुपयांपर्यंत असेल तर तेही करमुक्त आहे. तरीही आपल्या हिशेबनिसांकडून एकदा खात्री करून घ्यावी. मानधन ठरवताना त्यात साथीदारांचे मानधन, प्रवास व निवास धरला आहे की वेगळा, हे स्पष्ट विचारावे. या एका गोष्टीच्या संदिग्धतेमुळे झालेले रुसवेफुगवे मी इतके पाहिले आहेत की आता मी ते चार ओळींत लिहूनच पाठवतो.

नाट्यसंगीत आणि भावगीतांच्या मैफलींत एक मुद्दा बहुतेक मंडळांच्या ध्यानात येत नाही. आपल्या कायद्यानुसार शब्द व संगीत यांचे स्वामित्व कर्त्याच्या निधनानंतर ६० वर्षे टिकते. नाटककार गोविंद बल्लाळ देवल १९१६ साली, नाट्यपदांना चाली देणारे गायक भास्करबुवा बखले १९२२ साली आणि नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १९४८ साली गेले. त्यांच्या रचना आता सर्वांसाठी खुल्या आहेत. याउलट गीतकार ग. दि. माडगूळकर १९७७ साली आणि संगीतकारांपैकी जितेंद्र अभिषेकी १९९८ साली व सुधीर फडके २००२ साली गेले, त्यामुळे त्यांच्या रचनांवर अजून हक्क आहेत. अभंगांच्या बाबतीत तुकोबांचे शब्द खुले असले तरी विसाव्या शतकातल्या संगीतकाराने बांधलेली चाल खुली असेलच असे नाही. हौशी मंडळाने पैसे न घेता केलेल्या सादरीकरणाला कायद्यात सवलत आहे, पण तिकीट लावून व्यावसायिक गायक बोलावणार असाल तर इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीकडे आधी चौकशी करून परवान्याचे शुल्क खर्चात धरावे.

आता मोठ्या नावाविषयी. मी त्याच्या विरोधात नाही, फक्त क्रम बदलावा असे सुचवतो. पहिल्याच मैफलीला मोठे नाव आणले तर त्या गर्दीला धरून ठेवण्याची आपली तयारी झालेली नसते आणि पुढच्या तीन मैफली त्या तुलनेत फिक्या वाटतात. पहिली मैफल चांगल्या, तयारीच्या, पण मानधनाच्या दृष्टीने आवाक्यातील कलाकाराची असावी. तिच्यात वेळ, ध्वनी आणि बैठक यांची घडी बसवून घ्यावी, आणि पैसे व धीर उरले तर मोठे नाव तिसऱ्या किंवा चौथ्या मैफलीला आणावे. लहान सभागृहाकडे देण्यासारखी एक गोष्ट असते, जी मोठ्या मंडपाकडे नसते : गायक आणि श्रोता यांच्यात दहा फुटांचे अंतर, आणि दाद दिली की ती थेट पोचणे. काही ज्येष्ठ कलाकार केवळ यासाठी कमी मानधनात येतात. मात्र व्यवस्था नीट आहे हे त्यांच्या कानी आधी गेलेले असावे लागते, आणि हे काम साथीदार करतात. एखादा तबलजी ‘तिथे वेळेवर सुरू होतं, आवाज नीट असतो, जेवण गरम मिळतं’ असे चार ठिकाणी बोलला की पुढचा दूरध्वनी सोपा जातो.

व्यवस्थेतील दोन-तीन बारकावे सांगतो. कलाकाराची पट्टी, म्हणजे पेटीच्या कोणत्या पट्टीवर त्याचा ‘सा’ असतो ते, आठ दिवस आधी विचारून घ्यावी. पुरुष गायक बहुधा काळी एक, पांढरी दोन यांच्या आसपास गातात आणि स्त्रिया काळी चार, काळी पाचच्या आसपास. त्यानुसार तंबोरे वेगळे लागतात आणि तबल्याच्या तोंडाचा आकारही वेगळा लागतो. मिरजेच्या तंबोऱ्यांची जोडी गावात कोणाकडे असेल तर तिची डागडुजी मंडळाने आपल्या खर्चाने करून घ्यावी. पुढे कितीतरी मैफलींत ती कामी येते. वातानुकूलन यंत्राचा झोत मंचावर येऊ देऊ नये, कारण थंड कोरड्या हवेने तारा आणि चामडे दोन्ही दर दहा मिनिटांनी उतरतात किंवा चढतात. मैफलीच्या तासभर आधी सभागृह गार करून ठेवावे आणि नंतर यंत्र मंद करावे. ध्वनीची चाचणी रिकाम्या सभागृहात होते तेव्हा आवाज घुमतो. माणसे बसली की तो घुमारा पुष्कळ कमी होतो, त्यामुळे चाचणीतच ध्वनियोजकाला उगाच खटपट करू देऊ नये. १२० खुर्च्यांच्या खोलीत गायकाला ध्वनिवर्धक लागतो तो थोडासाच, तंबोऱ्याला मात्र त्याहून थोडा अधिक, आणि हे उलटे झाले की श्रोत्याला कारण कळत नाही पण डोके दुखू लागते.

आणि खुर्च्या. चाळीस श्रोते १२० खुर्च्यांत विखुरले की गायकालाही ओकेबोके वाटते आणि श्रोत्यांनाही आपण चुकीच्या जागी आलो असे वाटू लागते. पहिल्या मैफलीला समोर जाजम आणि गाद्या घालाव्यात, त्यामागे फक्त पन्नास खुर्च्या मांडाव्यात आणि उरलेल्या रचून बाजूला ठेवाव्यात. माणसे वाढली तर कार्यकर्त्यांनी खुर्च्या आणून मांडाव्यात. ‘जागा कमी पडली, खुर्च्या आणाव्या लागल्या’ ही बातमी दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर पोचते.

आपल्या चार मैफलींबद्दल माझी प्रत्यक्ष सूचना अशी आहे. ऑक्टोबरचे ख्यालगायन आपल्या ठरलेल्या वारी, पण ६ वाजता आणि खरोखरच ६ वाजता सुरू करावे, म्हणजे मारवा-पूरियाला जागा राहील. नोव्हेंबरचे नाट्यसंगीत दिवाळीनंतर, लग्नाची दाट तिथी टाळून ठेवावे. या मैफलीला सर्वाधिक गर्दी होईल, म्हणून पत्रिका पुन्हा छापून तयार ठेवाव्यात. डिसेंबरची बासरी रविवारी दुपारी ४ ला हलवावी, वादकांना भीमपलास किंवा मुलतानी वाजवण्याची विनंती आधीच करावी, आणि गावातल्या शाळांच्या संगीतशिक्षकांना विद्यार्थ्यांसह बोलवावे, कारण त्या वेळेला मुले येऊ शकतात आणि त्यांना आणायला-न्यायला पालकही येतात. जानेवारीची अभंग व भावगीतांची मैफल आपण वर्षाचा समारोप म्हणून ठेवली आहे, ते योग्यच आहे. फक्त तिच्या मध्यंतरात वाटण्यासाठी जुलैची तारीख आणि कलाकाराचे नाव तोवर पक्के झालेले असावे, म्हणून त्या कलाकाराला दूरध्वनी दिवाळीच्या सुटीतच करावा.